वाशिम जिल्ह्यातला हरवलेला पूर्वज जुन्या कागदांत कसा शोधायचा?

प्रत्येक घरात एक नाव असं असतं, ज्याच्या पुढची गोष्ट कुणालाच माहीत नसते. 'पणजोबांचा थोरला भाऊ दुष्काळात गेला तो गेलाच,' एवढंच सांगितलं जातं. पण जमिनीचा वारस लावायचा असो, जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ जोडायची असो, की नुसतं आपलं माणूस कुठे गेलं हे जाणून घ्यायचं असो, हे नाव आडवं येतं. मग शोध सुरू कुठून करायचा?

आधी जिल्हा समजून घ्या

आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्याआधीच्या कागदांसाठी अकोल्यातही चौकशी करावी लागू शकते. त्याच्याही मागे गेलं तर वऱ्हाडात 'बासिम' नावाचा वेगळा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला. वाशिम आणि मंगरूळ तालुके अकोल्याला जोडले गेले, तर पुसद यवतमाळकडे गेलं. कारंजा तेव्हा मूर्तिजापूर तालुक्यात होतं. म्हणजे गाव तेच, पण त्याचा कागद काळानुसार वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या नावावर.

अजून एक गोष्ट महत्त्वाची. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होतं, पण पैनगंगेपलीकडचा हिंगोली, परभणीचा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रिसोड किंवा वाशिमकडचा माणूस कामासाठी नदी ओलांडून गेला, की तो दुसऱ्या राज्याच्या दप्तरात गेला. 'आमच्या तालुक्यात नोंदच नाही' याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

कोणता कागद काय सांगतो?

*कोतवाल बुक :* विदर्भातल्या शोधाचा हा मुख्य आधार. गावातले जन्म आणि मृत्यू यात लिहिले जात. तारीख, बापाचं नाव, जात आणि मृत्यू असेल तर कारणही सापडू शकतं. जुनी बुकं साधारणपणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. गाव आणि अंदाजे वर्ष देऊन नकलेचा अर्ज करावा लागतो.

*सातबारा आणि फेरफार :* सातबाऱ्यावर गोल केलेले आकडे फेरफाराचे असतात. एकेक फेरफार मागे मागे काढत गेलं की जमीन कुणाकडून कुणाकडे आली ते कळतं. वारसनोंदीत सगळ्या भावांची नावं असतील आणि एकाचंच नसेल, तर तो त्याआधी वारला, वेगळा झाला, दत्तक गेला की परागंदा झाला, हा पुढचा प्रश्न. त्यासोबत १९५४-५५ चा अधिकार अभिलेखही मागा.

*शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर :* मुलगा शाळेत घातला असेल तर बापाचं नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचं कारण मिळतं. 'गाव सोडले' असे दोन शब्दसुद्धा दिशा देतात.

*खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र :* हे दुय्यम निबंधक कार्यालयात. गाव सोडणारा माणूस जाताना अनेकदा हिस्सा विकतो किंवा गहाण टाकतो. त्या दस्तावर त्याची सही किंवा अंगठा असेल, तर त्या दिवशी तो जिवंत होता हे पक्कं.

*तीर्थोपाध्यायांच्या वह्या :* नाशिक, त्र्यंबकेश्वर इथले उपाध्याय यजमानांची नावं गाव आणि आडनावानुसार पिढ्यान्पिढ्या लिहून ठेवतात. कुणाचं श्राद्ध कुणी केलं, सोबत कोण होतं, हे त्यात मिळू शकतं. काही समाजांत भाटांकडेही वंशावळी असतात.

जनगणनेत मात्र नाव शोधायला जाऊ नका. जनगणनेतली व्यक्तीची माहिती कायद्याने गोपनीय असते.

जुना कागद वाचायचा कसा?

आडनाव शोधत बसू नका, कारण जुन्या नोंदींत ते अनेकदा नसतंच. 'तुकाराम वल्द गणू' म्हणजे गणूचा मुलगा तुकाराम. 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. म्हणून पूर्वज बाई असेल तर सासरचं आणि माहेरचं अशी दोन्ही गावं तपासा.

सालातही गोंधळ होतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, दख्खनी फसलीत साधारण ५९०. 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणजे १९५६ नव्हे, विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. 'मानमोडीच्या साथीत गेला' असं ऐकलं असेल तर १९१८ चं बुक आधी उघडा. लिपी मोडी असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. निजामाच्या भागातले कागद उर्दूतही असतात.

शोधाचा क्रम

घरातल्या सगळ्यात वयस्क माणसांपासून सुरुवात करा. आत्या, मावशी, आजी यांना आधी विचारा. लग्न होऊन गेलेल्या बायकांना दोन्ही गावांची नाती माहीत असतात. मग ज्या भावंडांची नोंद पक्की आहे त्यांच्यावरून हरवलेल्याचा जन्म अंदाजे ठरवा. त्याचं नाव शेवटचं कोणत्या कागदात आहे ते वर्ष पकडा आणि तिथून पुढची दहा वर्षं आधी मूळ गावात, मग बायकोच्या माहेरी, मग नदीपलीकडे शोधा.

नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं मात्र धरू नका. एका गावात तीन तुकाराम असू शकतात. बापाचं नाव, गट किंवा सर्व्हे नंबर, भावंडं, यातल्या किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. आणि सोयीची नोंद मिळावी म्हणून कुणाला पैसे देऊन कागदात नाव घुसवू नका. दाखला पडताळणीत असा कागद टिकत नाही आणि गुन्हा अंगावर येतो.

काहीच सापडलं नाही तर?

ज्यांना माणसाची खबर मिळायला हवी होती त्यांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर कायदा त्याला मृत मानू शकतो. पण हे आपोआप होत नाही, वाद असेल तर न्यायालयात जावं लागतं. मृत्यूची नेमकी तारीखही त्यातून ठरत नाही, ती वेगळी सिद्ध करावी लागते.

अशा वेळी शोधात तपासलेली कार्यालयं, वर्षं आणि 'नोंद आढळून येत नाही' अशी मिळालेली लेखी उत्तरं जपून ठेवा. तुम्ही कुठे कुठे शोधलं याचा तोच पुरावा असतो, आणि घरातल्या पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.