जवान, शिपाई आणि जमाव

मुंबईहून सुरतेस जाणाऱ्या लोहमार्गावर सचिन आणि उधना यांच्या दरम्यान भेस्तान लागते. उधन्याहून फुटणारा तापीखोऱ्याचा मार्ग नंदुरबार, अमळनेर करीत जळगावास जातो. त्या वाटेने आलेल्या खानदेशी कुटुंबांची वस्ती या भागात मोठी आहे. ३० एप्रिल १९६० पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यातच होता. दंगा उसळल्यास तो कोणी मोडावा, हे भेस्तानसाठी व पुण्यासाठी एकाच सचिवालयात ठरे.

प्रश्न मुळात भरतीचा होता. १८५७ नंतर इंग्रजांनी सैन्यभरती जातींच्या हिशेबाने चालविली. ‘लढवय्ये’ ठरले त्यांना प्रवेश, इतरांना मज्जाव. एके काळी कंपनीच्या पलटणींत नावाजलेल्या महारांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दार बंद झाले. त्यांची स्वतंत्र रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, तीही महायुद्धाची निकड भासली म्हणून. एका जमातीचा शिपाई दुसरीच्या जमावावर बंदूक रोखताना कचरू नये, हाही त्या हिशेबातला एक भाग होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांच्या उठावाच्या वेळी मुंबईच्या रस्त्यांवर लष्कर उतरले आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली.

स्वतंत्र भारताने १९४९ साली सर्व जातीजमातींची गार्ड्स ब्रिगेड उभारली. जुन्या रेजिमेंटांची घडण मात्र बहुतांशी तशीच ठेवली. राज्यघटनेने सार्वजनिक सुव्यवस्था राज्यांकडे सोपविली आणि त्याच नोंदीत, कंसातील शब्दांनी, सेनेचा वापर तिच्यातून वगळला. लष्कर बोलावण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याकडे राहिला. बोलावलेल्या अधिकाऱ्याने शक्य तितके कमी बळ वापरावे, माणसांची व मालमत्तेची शक्य तितकी कमी हानी करावी, हा १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील दंडकही कायम झाला. परक्या सत्तेने लिहिलेला हा नियम स्वकीयांच्या राज्यातही उपयोगी ठरावा, यात नवल मानण्याचे कारण नाही.

पण लष्कर बराकीत ठेवायचे, तर त्याचे काम दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडणार. मुंबई राज्याने १९४८ साली राज्य राखीव पोलीस दल उभारले आणि १९५१ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. गट, कंपन्या, छावण्या, कवायत हा सारा थाट पलटणीचा. हुकूम मात्र मुलकी सरकारचा. जवानाला आपल्याच माणसांवर गोळी झाडण्यापासून प्रजासत्ताकाने बव्हंशी वाचविले. पोलीस शिपायाला कोण वाचविणार?

हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी आणि पुढल्या जानेवारीत मुंबईच्या गल्लोगल्ली पोलिसांनी गोळीबार केला. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसांचे बळी गेले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी अहमदाबादेत महागुजरातची मागणी करणारे विद्यार्थी पोलिसांच्याच गोळ्यांनी पडले. मागण्या दोन, भाषा दोन, पण बंदुकीमागचे सरकार एकच. त्या बंदुका धरणारे पुष्कळ शिपाई याच राज्याच्या गावांतून भरती झालेले शेतकऱ्यांचे मुलगे होते, आणि पुढे उभ्या जमावाची भाषा त्यांना समजत होती.

१ मे १९६० रोजी राज्य दुभंगले आणि भेस्तान गुजरातेत गेले. पोलीस ठाण्यांवरील पाट्या बदलल्या. १९५१ चा राखीव पोलिसांचा कायदा मात्र दोन्ही राज्यांत पुढे चालू राहिला.