‘लूट’ : एका शब्दाचा जमाखर्च

पेण आणि रोहे येथील आपल्या घरांतून ‘लुटणे’ हे क्रियापद मंगल प्रसंगी सहज उच्चारले जाते. दसऱ्यास आपण सोने लुटतो, संक्रांतीस सुवासिनी वाण लुटतात, बोरन्हाणात उधळलेली बोरे मुले लुटून नेतात. तोच शब्द बखरींत आला की जळती गावे व रिकामी कोठारे डोळ्यांपुढे उभी राहतात. एकाच शब्दात दान आणि दरोडा शेजारी कसे नांदतात, याचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

संस्कृतातील ‘लुण्ठ्’ या धातूचा हा वंशज. अठराव्या शतकात तो हिंदुस्थानातून इंग्रजी भाषेत गेला. कंपनीच्या मालाबरोबर शब्दही गेला, असे म्हणावयास हरकत नाही!

मराठी राज्यकारभाराने मात्र परमुलखातून द्रव्य आणण्याचे सारे प्रकार या एका शब्दात कोंबले नाहीत. ठरावाने घ्यावयाची ती खंडणी, महसुलाचा चौथा हिस्सा ती चौथाई, आणि शस्त्रबळाने उचलावयाची ती लूट. सन १६९४ मध्ये लिहिलेल्या सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या लष्कराचे नियम आले आहेत. स्वारीत बायकामुले धरू नयेत आणि मिळालेल्या वस्तूंचा झाडा देऊन त्या सरकारजमा कराव्यात, असा त्यांचा आशय आहे. लूट ही राज्याची जमा होती, शिपायाची मिळकत नव्हती.

याचे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान घाट उतरून कोकणात येत असता महाराजांनी त्यास खोपोलीनजीक उंबरखिंडीत कोंडले. खान शरण आला, त्याने खंडणी दिली आणि सामान तेथेच सोडले. महाराजांनी त्याच्या सैन्यास जिवंत परत जाऊ दिले.

स्वकीयांवर तर लष्कराची नजरही पडू नये असा दंडक होता. सन १६७३ च्या मे महिन्यात महाराजांनी चिपळूण भागातील छावणीस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेचे धान्य, गवत, भाजी फुकट उचलाल तर तिला मोगल बरे वाटतील, असा इशारा त्यात आहे. पुढील शतकात फौजांमागे बिनपगारी पेंढारी फिरू लागले. लूट हीच त्यांची गुजराण झाली आणि हा विवेक लोपला.

लुटीस तलवारच लागते असेही नाही. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला. त्यांच्या तक्रारीचा रोख खोत-सावकारांच्या वसुलीवर होता. सन १९४९ च्या कायद्याने खोती संपली. ज्या घरांत खोतीचे कागद आहेत, त्यांनी सनदांबरोबर कुळांची खातीही तितक्याच आस्थेने वाचावीत.

वाण लुटताना देणाऱ्याची संमती असते. ती नसेल तेथे लूट रणांगणावर झाली की वहीत, हा भेद गौण ठरतो. माळ्यावरची दप्तरे वाळवीने लुटण्यापूर्वी समाजबांधवांनी ती खाली काढावीत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था १९१० पासून हे कार्य करीत आहेत. आपल्या पूर्वजांचा जमाखर्च दोन्ही बाजूंनी तपासणे, हेही आपले कर्तव्यच आहे.