पहाटेच्या सुरामागचा परदेशी

मुकुंदवाडीतील पहाटेची एक जुनी आठवण अनेकांच्या मनात असेल. घराघरांत बंब पेटलेले असत, चिकलठाण्याच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांचे डबे भरले जात असत, आणि तेवढ्यात कोणाच्या तरी खिडकीतून आकाशवाणीची ती परिचित सुरावट ऐकू येई. खाली तंबोऱ्याचा झंकार, आणि त्यावर तरंगत येणारे व्हायोलिनचे किंचित उदास सूर. ती ऐकून दिवस सुरू झाल्याचे कळे. मात्र ती कोणी रचली, असा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांना पडला असेल.

अभ्यासक या सुरावटीचे श्रेय सामान्यतः वॉल्टर कॉफमन यांना देतात. शिवरंजनी रागाची छाया असलेली ही रचना 1936 च्या सुमाराची आहे. कॉफमन हे जर्मनभाषक ज्यू होते. त्यांचा जन्म 1 एप्रिल 1907 रोजी कार्ल्सबाड येथे झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे त्यांनी संगीतरचनेचे शिक्षण घेतले. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात संशोधनही केले; परंतु आपले प्राध्यापक नाझींशी संबंधित असल्याचे कळताच त्यांनी डॉक्टरेटची पदवी नाकारली. पोटापाण्याची चिंता असलेल्या तरुणाने हाती आलेली पदवी सोडून द्यावी, ही साधी गोष्ट नव्हे.

हिटलर सत्तेवर आल्यानंतर युरोपात ज्यूंचे जीवन असह्य होत गेले. 1934 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, कॉफमन मुंबईस आले. हिंदुस्थान निवडण्यामागे काही गूढ ओढ नव्हती. येथील व्हिसा सहज मिळत होता, इतकेच. थोडा काळ राहून परतावे, असा त्यांचा बेत होता. पण बारा वर्षे ते येथेच राहिले.

येथे आल्यावर त्यांनी हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या ऐकल्या. ते संगीत त्यांना अगदी परके वाटले. त्याचा काही अर्थच लागेना. अशा वेळी बहुतेक माणसे कानांवर हात ठेवून मोकळी होतात. कॉफमन यांनी वेगळा विचार केला. हे संगीत निर्माण करणाऱ्यांनाही हृदय आणि बुद्धी आहे, लक्षावधी लोक ते प्रेमाने ऐकतात. तेव्हा ते आपल्याला कळत नसेल तर उणीव आपल्या कानांत आहे, असे त्यांनी स्वतःला बजावले, आणि ते शिकण्यास प्रारंभ केला. त्यांच्या साऱ्या जीवनाची किल्ली, मला वाटते, याच एका विचारात आहे.

मुंबईत त्यांनी बाँबे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिचे कार्यक्रम होत. त्यांत स्वतः कॉफमन पियानोवर असत आणि पुढे जगद्विख्यात झालेल्या झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवीत. 1937 पासून 1946 पर्यंत कॉफमन यांनी मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताची जबाबदारी सांभाळली.

चित्रपटसृष्टीशीही त्यांचा संबंध आला. जर्मनीत चित्रपटकलेचे शिक्षण घेऊन आलेले दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्या संस्थेसाठी त्यांनी पार्श्वसंगीत रचले. प्रागचे लेखक विली हास हेही निर्वासित होऊन मुंबईस आले व भवनानींसाठी पटकथा लिहू लागले. या दोघा मित्रांनी मिळून ‘अनसूया’ ही रेडिओसाठीची संगीतिका सिद्ध केली. ती 1939 मध्ये प्रसारित झाली. त्याच सुमारास मालाडच्या बाँबे टॉकीजमध्ये फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योसेफ व्हिर्शिंग हे जर्मन कलावंत काम करीत होते. ऑस्टेन मात्र नाझी पक्षाचे सभासद होते. ज्या राजवटीमुळे एकाला परागंदा व्हावे लागले, तिच्याच पक्षाचा सभासद त्याच शहरात, त्याच व्यवसायात होता!

येथे आपल्या वाचकांना आणखी एका प्रवासाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेले कित्येक ख्रिस्ती तरुण पोटासाठी मुंबईस आले. हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद प्रामुख्याने त्यांच्यावर उभे राहिले. त्यांत मजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस होते, सेबॅस्टियन डिसोझा होते. गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा प्रयोग केला. लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले. कॉफमन पश्चिमेकडून ज्या दाराशी आले, त्याच दाराशी हे गोमंतकीय आपल्या मार्गाने पोहोचले होते. दोघांच्याही वाट्याला एकच गोष्ट आली: सूर घराघरांत गेले, नावे मागे राहिली.

1946 मध्ये कॉफमन यांनी मुंबई सोडली. इंग्लंडमार्गे ते कॅनडात गेले. 1948 ते 1957 या काळात ते विनिपेगच्या सिंफनी वाद्यवृंदाचे संचालक होते, आणि 1957 पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. तेथेच त्यांचे उत्तर भारतीय रागांवरील (1968) आणि दक्षिण भारतीय रागांवरील (1976) मोठे ग्रंथ सिद्ध झाले. तरुणपणी जे संगीत अनाकलनीय वाटले होते, त्याचाच कोश रचण्यात त्यांनी उत्तरायुष्य वेचले. 9 सप्टेंबर 1984 रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या मुकुंदवाडीतही जालन्याचे, बीडचे, विदर्भाचे, दूरदूरचे लोक येऊन वसले आहेत. शेजारच्या घरातील बोली, सण, गाणी आपल्याला कधी परकी वाटतात. कपाळावर आठी उमटते. अशा वेळी आधी आपल्याच कानांना दोष देणाऱ्या त्या निर्वासिताची आठवण करावी. ज्याला स्वतःचे गाव उरले नव्हते, त्याने आपल्या पहाटेला सूर दिला. तो देण्यापूर्वी त्याने ऐकायला शिकून घेतले होते, एवढेच आपण ध्यानात ठेवावे.