जीवाश्मी सागरी शंख : कवचावरून जाती ओळखण्याचा इतिहास

शंख, कवडी, गोगलगाय इ. प्राणी मृदुकाय (मॉलस्का) संघाच्या उदरपाद (गॅस्ट्रोपोडा) वर्गात मोडतात. जिवंत प्राण्याचे वर्गीकरण करताना त्याचे क्लोम (कल्ले), हृदय, तंत्रिका तंत्र (मज्जासंस्था) व तोंडातील कानशीसारखी दंतपट्टी पाहता येते. जीवाश्मात (शिळारूप झालेल्या अवशेषात) यांपैकी काहीच उरत नाही. उरते ते कवच, आणि तेही पुष्कळदा अपुरे. त्यामुळे लुप्त झालेल्या सागरी शंखांच्या जाती ठरविण्याचा इतिहास म्हणजे कवचाच्या कोणत्या लक्षणावर किती विसंबावे, या प्रश्नाचा इतिहास होय. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याला विशेष महत्त्व आहे. कारण राज्याचा मोठा भाग व्यापणाऱ्या दक्षिण ट्रॅप या काळ्या पाषाणाचे वय दीर्घकाळ अशाच काही शंखांच्या ओळखीवर अवलंबून होते.

जळगाव जिल्ह्यातील बोदवड परिसराचा मूळ खडक हाच आहे. तेथील विहिरींत मुरुमाखाली बेसाल्टाचे थर लागतात. त्यांच्या पोकळ्यांत भरलेल्या गारगोटीचे व इतर खनिजांचे वळ्यावळ्यांचे खडे कधीकधी शिंपल्यांसारखे दिसतात, तथापि ते जीवाश्म नव्हेत. जीवाश्म आढळतात ते दोन लाव्हाप्रवाहांच्या दरम्यान साचलेल्या गाळात (अंतरा-ट्रॅपी थरांत) किंवा सर्व प्रवाहांच्या तळाशी असलेल्या खडकांत. बोदवडच्या उत्तरेस व पूर्वेस पूर्णा नदीच्या गाळाच्या प्रदेशात भूमिजल खारे आहे. परंतु पाण्याच्या खारेपणावरून तेथे समुद्र होता असे अनुमान काढता येत नाही. तसा निर्वाळा सागरी प्राण्यांचे अवशेषच देऊ शकतात. असे अवशेष खानदेशाला जवळचे म्हणजे सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाघ येथे मिळतात. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी तापी व खालच्या नर्मदा खोऱ्यांच्या भूविज्ञानावरील आपल्या ग्रंथात (१८६९) आणि प्रमथनाथ बोस यांनी १८८४ मध्ये या थरांचे वर्णन केले.

कवचाची लक्षणे : शंख शिखर वर व मुख आपल्याकडे करून धरावा. मुख उजवीकडे आले तर तो दक्षिणावर्ती व डावीकडे आले तर वामावर्ती होय. बहुसंख्य जाती दक्षिणावर्ती असतात. पूजेतील दुर्मिळ ‘दक्षिणावर्ती’ शंख परंपरेने शिखर खाली करून पाहिला जातो, म्हणून प्राणिविज्ञानाच्या परिभाषेत तो वामावर्ती ठरतो. शब्द एकच असल्याने येथे घोटाळा होण्याचा संभव असतो. यानंतर वेढ्यांची संख्या व फुगीरपणा, दोन वेढ्यांमधील सीवनी, मधला स्तंभ व त्यावरील घड्या, मुखाचा आकार आणि पृष्ठावरील कंगोरे व गाठी यांची नोंद करतात. मुखाच्या टोकाशी नालीसारखी खाच असल्यास प्राणी सागरी व मांसाहारी आणि मुख अखंड वाटोळे असल्यास शाकाहारी, असा ठोकताळा पूर्वी प्रचलित होता. तो सर्वत्र लागू पडत नाही. सेरिथियम वंशात खाच असते, पण त्याचे प्राणी शेवाळ व कुजके पदार्थ खाऊन राहतात.

अंतरा-ट्रॅपी थरांतील सर्वांत परिचित शंख म्हणजे जे. द सी. सॉवर्बी यांनी १८४० मध्ये वर्णिलेला फायसा प्रिन्सेपाय हा होय. पातळ कवच, आखूड शिखर, मोठा अखेरचा वेढा व वामावर्ती वळण यांवरून तो सहज ओळखू येतो. पुढे त्याला ब्युलिनस वंशात घालण्यात आले व कित्येक पाठ्यपुस्तकांत दोन्ही नावे जोडीने छापली जात. मात्र हा गोड्या पाण्यातील प्राणी असल्याने थरांच्या वयाचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. दूरदूरच्या प्रदेशांतील थरांची तुलना करण्यास सागरी जाती उपयोगी पडतात, कारण त्या विस्तृत क्षेत्रात पसरतात.

टरिटेला : लामार्क यांनी १७९९ मध्ये स्थापिलेल्या या वंशाचे कवच उंच, मनोऱ्यासारखे व अनेक वेढ्यांचे असते. जाती पुष्कळ, सर्वांची घडण जवळजवळ सारखी आणि कंगोऱ्यांची संख्या एकाच जातीत बदलणारी, यांमुळे अभ्यासकांना या वंशाने फार त्रास दिला आहे. एकोणिसाव्या शतकात प्रौढ वेढ्यावरील कंगोरे मोजून जाती पाडीत. विसाव्या शतकात लक्ष कोवळ्या वेढ्यांकडे वळले. सुरुवातीच्या वेढ्यांवर मुख्य कंगोरे कोणत्या क्रमाने उमटतात आणि मुखाच्या बाह्य ओठाची कड किती व कोठे वळते, हे प्रौढ सजावटीपेक्षा अधिक विश्वसनीय असल्याचे दिसून आले. ओठ गळून गेला, तरी त्याची वळणे वाढीच्या रेषांच्या रूपाने कवचावर राहतात, हा मोठा फायदा. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील जीवाश्मांवर सी. डब्ल्यू. मेरियम (१९४१) यांनी व न्यूझीलंडमध्ये जे. मारविक (१९५७) यांनी या पद्धतीने काम केले. बाह्य साम्य किती फसवे असते याचे उदाहरण बाजारातही मिळते : अमेरिकेतील वायोमिंग राज्यातून ‘टरिटेला अकीक’ म्हणून विकला जाणारा दगड सरोवरातील एलिमिया या गोड्या पाण्याच्या गोगलगाईंनी भरलेला आहे.

अडचण आणखी एका प्रकारची असते. कवच विरघळून जाते आणि आत भरलेल्या गाळाचा फक्त साचा उरतो. त्यावर ना कंगोरे, ना वाढीच्या रेषा. अशा साच्यांना जातिनामे देण्याचा उत्साह पूर्वी बराच होता. अशा नावांवर काळाचे अनुमान उभारणे धोक्याचे होय. बाघ थरांतील जीवाश्मांवर पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत (आताच्या आघारकर संशोधन संस्थेत) जी. डब्ल्यू. चिपळूणकर व आर्. एम्. बडवे यांनी दीर्घकाळ संशोधन केले.

वयाचा वाद : नागपूरचे मिशनरी स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) यांनी आर्. हंटर यांच्यासह नागपूरजवळ टाकळी येथील अंतरा-ट्रॅपी थरांतून विपुल जीवाश्म गोळा केले. १८६० मध्ये त्यांनी आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री परिसरातील सागरी व खाडीतील शंखांचेही वर्णन केले आणि त्यांवरून हे सर्व थर तृतीय कल्पाच्या आरंभीचे, म्हणजे इओसीन काळाचे ठरविले. त्यानंतर फर्डिनांड स्टोलिच्का (१८३८–७४) यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी दक्षिण भारतातील क्रिटेशस उदरपादांवरील खंड १८६७-६८ मध्ये सिद्ध केला. जिवंत गोगलगाईंच्या शरीररचनेचाही अभ्यास असल्याने त्यांची जातिलक्षणे हिस्लॉप यांच्यापेक्षा काटेकोर आहेत. त्यांच्या टरिटेला डिस्पासा या अरियलूरच्या जातीशी राजमहेंद्रीचा एक शंख जुळत असल्याचे मत पुढे आले. ते मान्य केल्यास ट्रॅपखालचे थर क्रिटेशस ठरत होते. बाकीच्या जाती मात्र ना क्रिटेशस समूहाशी जुळत, ना इओसीन समूहाशी. दीर्घकाळ चाललेला हा वाद एका शंखाच्या कंगोऱ्यांपाशी येऊन अडला होता.

निर्णय शंखांनी दिला नाही. राजमहेंद्रीच्या अंतरा-ट्रॅपी थरांतील तरंगत्या फोरॅमिनीफेरांच्या (सूक्ष्म, कवचधारी एककोशिक प्राण्यांच्या) अभ्यासावरून जी. केलर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ते पॅलिओसीनच्या अगदी आरंभीचे असल्याचे दाखविले. त्यांखालील ट्रॅप व त्याखालचे थर क्रिटेशसच्या अखेरीचे आहेत. लाव्ह्याच्या उद्रेकाचा मुख्य काल सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, हे किरणोत्सर्गी कालमापनानेही निश्चित झाले आहे. हिस्लॉप यांच्या काळी पॅलिओसीन हा वेगळा विभाग मानला जात नव्हता (तो १८७४ मध्ये सुचविण्यात आला). हे ध्यानात घेतल्यास अंतरा-ट्रॅपी थरांपुरता त्यांचा निष्कर्ष समजला जातो तितका चुकीचा नव्हता.

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली येथे, समुद्रापासून फार दूर, अंतरा-ट्रॅपी थरांत तशीच सागरी फोरॅमिनीफेरे आढळल्याचे केलर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले आणि नर्मदा-तापीच्या खचदऱ्यांतून समुद्राचा फाटा आत आला असावा असे सुचविले. त्याच थरांत गोड्या पाण्यातील शिंपल्यांसारख्या कवचाचे सूक्ष्म प्राणीही आहेत. तापी खोऱ्यातील लाव्हाप्रवाहांमधील गाळात टरिटेला किंवा सेरिथियम यांचा निःसंशय समूह मिळाल्यास या कल्पनेला कवचांचा पुरावा लाभेल.