बिनबॅटरी विद्युत् प्रणाली, दुचाकीची

एंजिनाच्या फिरण्यातूनच ठिणगी, दिवे व हॉर्न यांना वीज पुरवणारी, विद्युत् घटमालेविना चालणारी वाहनातील योजना. रॉबर्ट बॉश यांनी १८८७ मध्ये स्थिर एंजिनासाठी मॅग्नेटो (कायमचुंबकाच्या साह्याने ठिणगीसाठी वीज निर्माण करणारे साधन) बनवला. १९०२ मध्ये त्यांच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड यांनी उच्चदाब मॅग्नेटो सिद्ध केला. महाराष्ट्रात ही प्रणाली पुण्याच्या कायनेटिक एंजिनिअरिंगची लूना (१९७२) आणि बजाज स्कूटर यांमुळे घरोघरी पोचली.

फ्लायव्हीलमधील कायमचुंबक स्थिर वेटोळ्यांभोवती फिरतात [पहा : विद्युत् चुंबकीय प्रवर्तन]. एका वेटोळ्याचा प्रवाह कॉन्टॅक्ट पॉइंट उघडताच तुटतो आणि एचटी (उच्चदाब) कॉइलमधून स्पार्क प्लगला काही हजार व्होल्ट मिळतात. पुढील काळात पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक सीडीआय (धारित्र-विसर्जन प्रज्वलन) आले. दुसरे वेटोळे दिव्यांना प्रत्यावर्ती प्रवाह देते. त्यामुळे गाडी थांबली की हेडलाइट मंदावतो, रेस वाढवली की उजळतो. व्होल्टता-नियामक नसलेल्या गाडीत एक बल्ब गेला, तर त्याच्या वाट्याची वीज उरलेल्यांवर येते व तेही जळू शकतात. हॉर्नही प्रत्यावर्ती प्रवाहाचाच लागतो.

किक, पेडल किंवा दोरीने चालू होणारी वाहने घटमालेवाचून चालू शकतात; थंड प्रदेशांतील दोरी ओढून चालू करावयाच्या अनेक हिमस्कूटरही याच तत्त्वावर चालतात, कारण कडाक्याच्या थंडीत घटमालेची क्षमता घटते [पहा : विद्युत् घटमाला]. सेल्फ-स्टार्टर, इंधन-अंतःक्षेपण आल्यावर दुचाकींत बॅटरी सार्वत्रिक झाली.