चाकाची झिलई आणि झिलईची धूळ

चाकाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे सुमेर आणि मोहेंजोदडो येथून आरंभ करण्याची विद्वानांची रीत आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. म्हणून आम्ही तितके दूर जात नाही. परभणी जिल्ह्यातील माणसाला चाक म्हणजे काय, हे प्रथम बैलगाडीने शिकविले. मध्ये तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आऱ्यांना धरून ठेवणारे पुठ्ठे आणि या सर्वांवर चढविलेली लोखंडी धाव. सुताराने लाकूड घडवावे, लोहाराने धाव तापवून लाल करावी, ती चाकावर बसवून वर पाणी ओतावे, म्हणजे लोखंड आकसून सगळे सांधे आवळले जातात. मानवत-सेलूच्या बाजारात कापूस पोचविणारे चाक ते हेच. त्याला झिलई देण्यासाठी वेगळा माणूस कोणी ठेवला नाही. चालत्या गाडीची धाव रस्त्यावर घासूनच चकाके.

आज आम्ही ज्या चाकाबद्दल लिहीत आहोत ते दुसरे आहे. ते ॲल्युमिनियमचे आहे आणि त्याची चकाकी रस्ता देत नाही, माणूस देतो. जुन्या मोटारी आणि मोटारसायकली पूर्ववत करण्याचा छंद अलीकडे वाढला आहे, आणि त्याबरोबर जुन्या चाकांना उजळा देण्याचा धंदाही वाढला आहे. छंद करणाऱ्यांची छायाचित्रे छापून येतात; उजळा देणाऱ्यांची येत नाहीत. त्या दुसऱ्या माणसाचा इतिहास थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम धातूची गोष्ट. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ॲल्युमिनियम मांडले गेले तेव्हा ते मौल्यवान धातूंच्या पंक्तीला बसत होते. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांची ओळख नसताना, विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा काढण्याची एकच रीत शोधली. दोघेही १८६३ साली जन्मलेले आणि दोघेही १९१४ साली वारलेले, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. त्यांच्या शोधानंतर या धातूचा भाव कोसळला आणि राजाच्या मेजावरची वस्तू मजुराच्या चुलीवर आली. हिंदुस्थानात १८९८ च्या सुमारास आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या कलाशाळेत ॲल्युमिनियमची भांडी घडविण्यास आरंभ केला. १९४३ साली आजच्या केरळातील आलुवाजवळ हा धातू देशात तयार होऊ लागला. आपल्या घरांत मात्र या भांड्यांना ॲल्युमिनियम कोणी म्हटले नाही. आपल्या आया-आज्यांनी त्यांना 'जर्मल' किंवा 'जर्मन' म्हटले. जर्मल घरात आले तसा कल्हईवाल्याचा आवाज गल्लीतून कमी होत गेला, कारण तांब्या-पितळेला लागणारी कल्हई या भांड्याला लागत नाही.

चाकांत हा धातू शिरला तो शर्यतीच्या निमित्ताने. पोलादाशी तुलना करता त्याचे वजन सुमारे एक तृतीयांश भरते. आणि चाक जितके हलके तितकी गाडी खाचखळग्यांवर अधिक ताब्यात राहते. १९२४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील लियाँ येथील शर्यतीत एत्तोरे बुगाती याने आपल्या 'टाइप ३५' गाड्या उतरविल्या. त्यांची चाके ॲल्युमिनियमची ओतीव होती, आठ चपटे आरे आणि ब्रेकचा ड्रम हे सर्व एकसंध. त्या दिवशी टायरांनी दगा दिला आणि शर्यत हातची गेली, परंतु चाकाची ही कल्पना टिकली. १९४८ साली अमेरिकेतील अल्कोआ कंपनीने मालमोटारीसाठी ठोकून घडविलेले ॲल्युमिनियमचे चाक काढले. १९६६ साली जर्मनीतील फुक्स कंपनीचे घडीव चाक पोर्शे ९११ एस या गाडीवर आले. जुनी चाके पूर्ववत करणारे जगभरचे कारागीर आजही त्या चाकाचे नाव आदराने घेतात.

अशा गाड्या परभणीच्या रस्त्यावर कोठून येणार, असे वाचक विचारतील. प्रश्न योग्य आहे. आमच्याकडची अँबॅसिडर आणि फियाट पोलादी चाकांवरच धावली. परंतु मद्रासेत १९५५ पासून बनू लागलेली बुलेट आणि म्हैसुरात १९६१ पासून बनलेली जावा, पुढे येझदी, यांच्या चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, ॲल्युमिनियमचा होता. बैलगाडीच्या भाषेत सांगावयाचे तर तुंबा ॲल्युमिनियमचा, आरे तारांचे आणि कडे पोलादाचे. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, पण त्याच्या गाड्या जिल्ह्या-जिल्ह्यांत राहिल्या. कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली ती गाडी आज नातू बाहेर काढतो आणि आजोबांची आठवण म्हणून उजळून घेतो. यात वावगे काही नाही. आजोबांचे नाव राखणारा नातू आम्हांस आवडतो.

आता हे काम कसे चालते ते पाहू. ते कळल्यावाचून पुढचा मुद्दा कळणार नाही. चाक खोलून तारा काढतात. ड्रमच्या आत साचलेली ब्रेकची काळी भुकटी फुंकून काढावयाची नसते, ओल्या फडक्याने पुसावयाची असते. कारण जुन्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की आयुष्यभर बाहेर येत नाहीत. मग तडा आहे का ते बारकाईने पाहतात. तडा गेलेले चाक कितीही चकचकीत केले तरी ते फसवे चाक असते. जुना रंग काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरण्याचा मोह होतो, परंतु कॉस्टिक या धातूलाच खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. नंतर वॉटर पेपर येतात: २२०, ४००, ८००, १०००, १५००, प्रत्येक आधीच्यापेक्षा मऊ आणि प्रत्येकाने आधीच्याचे ओरखडे पुसावयाचे. शेवटी मोटारीवर फिरणारा कापडी बफ, त्यावर मसाल्याची वडी, आणि बफाला दाबून धरलेले चाक. मग आरसा दिसू लागतो. पुन्हा तारा ओढून, आउट काढून चाक सरळ फिरते करावयाचे, की काम संपले.

या सर्व कृतीचे सार एका शब्दात आहे: काढणे. कल्हईवाला भांड्यावर काही चढवितो. बफवाला चाकावरून काही काढतो. झिलई म्हणजे धातूचा वरचा खडबडीत थर नाहीसा करणे. तो नाहीसा होतो असे आपण म्हणतो, पण जगात काही नाहीसे होत नसते. चाकावरून निघालेला तो थर भुकटी होऊन कारागिराच्या भुवयांवर, नाकात, छताच्या तुळईवर आणि विजेच्या बटणावर जाऊन बसतो. झिलईचा इतिहास म्हणजे या भुकटीचाही इतिहास होय.

आपल्याकडे हत्यारांना उजळा देणारा शिकलगार होता. हा शब्दच मुळी अरबी 'सैकल' म्हणजे झिलई यावरून आलेला आहे. तलवारींचे दिवस सरले आणि तो चाकू-कात्र्यांना धार लावू लागला, बादल्या व किल्ल्या करू लागला. तलवार कोणाची ते इतिहासात लिहिले गेले, तिला पाणी कोणी दिले ते लिहिले गेले नाही. अमेरिकेत मात्र झिलईवाल्यांनी स्वतःच इतिहासात प्रवेश केला. १९०६ साली सेंट लुई शहरातील बक स्टोव्ह अँड रेंज कंपनीतील धातूला झिलई देणाऱ्या कामगारांनी नऊ तासांच्या दिवसासाठी संप केला. कामगार महासंघाने त्या कंपनीचा माल घेऊ नका असे आपल्या मुखपत्रात छापले. कंपनी न्यायालयात गेली, आणि महासंघाचे अध्यक्ष सॅम्युएल गाँपर्स यांना १९०८ साली एक वर्षाच्या कैदेची शिक्षा सुनावली गेली. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. चुलीला चकाकी देणारे मूठभर लोक नऊ तास मागतात आणि त्यांचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचतो, हे आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

आता भुकटीच्या शक्तीविषयी. ती ज्यांना ठाऊक आहे असे लोक आमच्याच जिल्ह्यात आहेत. पूर्णा हे रेल्वेचे जुने गाव. रुळाला रूळ जोडताना ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोहभस्म यांचे मिश्रण पेटवितात. डोळे दिपविणारा उजेड पडतो, लोखंडाचा रस होतो आणि दोन रूळ एकजीव होतात. ही रीत जर्मनीतील हान्स गोल्डश्मिट याने १८९० नंतरच्या दशकात शोधली. लोहभस्म म्हणजे गंज. ज्या खोलीत एका यंत्रावर गंजलेले लोखंड घासतात आणि त्याच यंत्रावर ॲल्युमिनियमचे हब उजळतात, तेथे रूळ जोडण्याचे साहित्य तुळईवर आपसूक जमत असते. लोखंडाची एक ठिणगी पुरते. आणि त्या आगीवर कोणी भाबडेपणाने पाणी मारले तर ती शमत नाही, अधिक भडकते. तेथे कोरडी वाळूच हवी.

हे भय कल्पनेतले नाही. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधील कुनशान शहरात मोटारीच्या ॲल्युमिनियम चाकांना झिलई देणाऱ्या कारखान्यात सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती. धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राच्या पिंपात साचलेली भुकटी ओलसर होऊन आपोआप तापली आणि सर्व दालन एका स्फोटात उडाले. त्या दिवशी ७५ कामगार मेले. वर्षअखेरीपर्यंत मृतांची संख्या १४६ झाली. धूळ वेळच्या वेळी काढलेली नव्हती, हे चौकशीत निघाले. चाके मात्र तशीच चकाकत जगाच्या बाजारात जात होती.

आमच्या देशात याबाबत कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याचे १४ वे कलम धुळीचे आणि ३७ वे कलम स्फोटक धुळीचे. परंतु त्या कायद्याने कारखाना कशाला म्हटले? विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगार असतील तर. २०२० च्या संहितेने ही संख्या २० केली. बफिंगच्या खोलीत दोन माणसे असतात, फार तर चार. म्हणजे धूळ तीच, फुप्फुस तेच, पण कायद्याच्या हिशेबी तो कारखानाच नव्हे. आम्ही अशा एका खोलीत गेलो असता खिडकी बंद होती. कारण विचारता उत्तर मिळाले, "वाऱ्याने भुकटी उडते, साहेब, शेजारी तक्रार करतात." तोंडाला बांधलेला रुमाल एवढेच तेथील संरक्षण होते.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची यंत्रे वेगळी असावी. जेथे जमेल तेथे ओले घासावे. रोज संध्याकाळी मऊ झाडूने भुकटी गोळा करावी, हवेच्या झोताने उडवू नये. ती कोरडी, झाकणाच्या डब्यात, बाहेर ठेवावी. वाळूची बादली हाताशी असावी आणि रुमालाऐवजी खरा मुखवटा असावा. मुखवट्याचे पैसे कारागिराच्या मजुरीतून कापू नयेत. चार खोल्यांतील सोळा माणसे एकत्र आली तर ही मागणी करण्याइतके बळ त्यांना येते. संघटना याहून वेगळी काही नसते.

आणि जुनी गाडी उजळून घेणाऱ्या रसिकांना आमची एक विनंती आहे. आपण कारागिराला विचारता, "आरशासारखे होईल ना?" तेव्हा आणखी एक प्रश्न विचारावा: "भुकटी कोठे जाते?" गिऱ्हाईक हा प्रश्न विचारू लागले म्हणजे मालक त्याचे उत्तर शोधू लागतो, असा आमचा अनुभव आहे. आजोबांच्या गाडीचे चाक पुन्हा नवे व्हावे. पण ते नवे करणाऱ्याच्या नातवालाही आपला आजोबा धडधाकट पाहावयास मिळावा.