व्याजाचा दर आणि रुपयाचा भाव

रुपया घसरू लागला की रिझर्व्ह बँक कधीकधी व्याजाचा दर चढवते. याचा आम्हां कामगारांशी काय संबंध, असे पुष्कळ जण विचारतात. इतिहास चाळला तर तो फार जवळचा दिसतो.

मूळ युक्ती सोपी आहे. येथे व्याज चांगले मिळाले की बाहेरचा पैसा येथे येतो. त्याला रुपये विकत घ्यावे लागतात, म्हणून रुपयाला मागणी वाढते. शिवाय रुपये उसने घेऊन परकी चलन साठवणाऱ्या सट्टेबाजाचा हातही आखडतो.

१९२७ च्या चलन कायद्याने रुपयाचा भाव १८ पेन्सांवर कायम केला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी हिल्टन यंग कमिशनमध्ये भिन्नमत नोंदवून १६ पेन्सांचा आग्रह धरला होता. १६ पेन्सांच्या हिशेबाने पौंडभर किमतीच्या विलायती मालास १५ रुपये पडले असते. १८ पेन्सांनी १३ रुपये ५ आणे ४ पै पडत. रिझर्व्ह बँक निघाली १९३५ साली; तोवर चलनाची सूत्रे सरकारच्या हाती होती. चढा भाव टिकवण्यासाठी सरकारने चलन आखडले आणि पैसा महागला. परदेशी कापड स्वस्त, कर्ज महाग, ही मालकांची तक्रार खोटी नव्हती. परंतु तोटा भरून काढण्यासाठी त्यांनी हात घातला तो मजुरीला. १९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला.

पुढे पूर्व आशियातील चलने कोसळत असता १६ जानेवारी १९९८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँक दर ९ वरून ११ टक्के केला. रुपया सावरला, आणि एप्रिलअखेर दर पुन्हा ९ वर आला. जुलै २०१३ मध्ये मात्र बँकांच्या तातडीच्या उसनवारीचा दर सव्वाआठवरून सव्वादहा टक्के करूनही ऑगस्टअखेर डॉलर ६८ रुपयांपलीकडे गेला. शेवटी अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवींसाठी खास सवलत द्यावी लागली. म्हणजे हे औषध दर वेळी लागू पडतेच असे नाही.

दर वाढवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. रुपया पडला तर आयात तेल महागते आणि झळ आमच्याच चुलीला लागते. पण मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाना कर्जावर कच्चा माल घेतो. व्याज चढले की आधी ओव्हरटाइम तुटतो, मग हंगामी कामगार घरी बसतो. म्हणून वाटाघाटीत मालकाने व्याजाचे कारण पुढे केले, तर युनियनने ताळेबंद मागावा आणि व्याजाचा बोजा खरोखर किती वाढला ते आकड्यांत पाहावे. मजुरीचे बोलणे त्यानंतर.